व्याह्यांशी खो-खो

आंजीत कोणत्याही गोष्टीवर दोन मतं निघतात. बसथांब्याची शेड रस्त्याच्या कुठल्या बाजूला हवी यावर निघतात, आणि भंडाऱ्याच्या पंगतीतल्या वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालावं की नाही यावर तर तीन निघतात. पण गेल्या जानेवारीत सगळं गाव एका मतावर आलं, आणि एका मतावर आलेलं गाव किती धोक्याचं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी शरयू. आंजीच्या शाळेत मराठी शिकवते आणि वर्ध्याच्या नालवाडीतून रोज स्कूटीवर ये-जा करते. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हवी, म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला जबरदस्तीने खो-खोच्या संघाबरोबर धाडलं. तेव्हापासून मी त्या खेळात अडकले ती अडकलेच. गुण लिहायचे मी, पोरींच्या पिना आणि कंगवे सांभाळायचे मी, आणि वासुदेवराव सरांचा पारा चढला की तो उतरेपर्यंत मध्ये उभं राहायचंही मीच.

वासुदेवराव आमचे खेळाचे शिक्षक. गावातलेच, घरी कपाशी आणि तूर. त्यांना आवाज दिलाय तो देवाने हिशेब न करता. शाळेमागच्या मैदानावरून ते ओरडले की बसथांब्यावरची माणसं उगाचच उठून उभी राहतात. त्यांची मुलगी वर्षाली याच मैदानावर वाढली. मैदानावर नातं चालायचं नाही असा त्यांचा नियम होता. चुन्याच्या रेघेच्या आत ते ‘सर’, रेघेबाहेर ‘बाबा’. घरी जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं सांगायला लाजणारी ही मुलगी मैदानात वाऱ्यासारखी पळायची, आणि तरी रोज शिव्या खायची. कारण एकच. पळता पळता खांबाशी आली की ती क्षणभर थांबायची आणि मागे वळून बघायची. मग सरांचा आवाज यायचाच, “वर्षे, खांब सोड! खांब काय तुह्या मामाचा हाय?”

वर्षाली विदर्भाकडून खेळली, आणि एकदा भारताची निळी जर्सी घालून नेपाळला जाऊन आली. ती जर्सी सरांनी काचेत मढवून बैठकीत लावली. पाहुणा आला की चहाआधी त्याला जर्सी दाखवायचे. वीजबिलवाल्यालाही दाखवली आहे, मी साक्षीदार आहे.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा आदेश इंजिनियर, नोकरी नेदरलँडला. गावात त्या देशाला ‘हालंड’ म्हणतात, मीही आता तेच म्हणते. जाण्याआधी दोन वर्षं आणि गेल्यावर सुट्टीत येऊन एकदा, वर्षालीने निवड चाचण्या दिल्या. भारतात तिच्याहून चपळ पोरी डझनाने आहेत. नाव आलं नाही. मग तिकडच्या एका बागेत ती शनिवारी पोरांना खो-खो शिकवायला लागली. त्यातून तिकडच्या चार-दोन उंच मुली नादी लागल्या, मग संघ झाला, आणि दुसऱ्या देशाकडून खेळायला नियमाप्रमाणे थांबायची ती वर्षं थांबून झाल्यावर तिला विचारलं गेलं की आमच्या देशाकडून खेळशील का. ती हो म्हणाली.

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी योगायोगाने त्यांच्याच बैठकीत होते. तिची आई, रुख्माबाई, फोन स्पीकरवर ठेवून तांदूळ निवडत होत्या.

“भारताच्या जर्सीसाठी पोरी जीव टाकतेत,” सर म्हणाले, “अन् तू ते काढून ठेवून राह्यली?”

“बाबा, मी काढली नाई,” तिकडून आवाज आला. “मले पुन्हा कोनी देलीच नाई. मले फक्त खेळाचं हाय.”

सरांनी फोनचं लाल बटण दाबलं. त्यानंतर आठ महिने ते मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. मला दोघांचाही राग आला, कारण दोघांचंही खरं होतं, आणि अशा भांडणात मध्ये उभं राहणाऱ्याला जागाच उरत नाही.

काचेतली जर्सी त्यांनी त्याच दिवशी उतरवली आणि आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे ठेवली. दोन दिवसांनी तिथे उंदीर दिसला, तेव्हा ती घाईघाईने परत बैठकीत आली. पण पूर्वीसारखी लावायची तर माघार घेतल्यासारखं होणार, म्हणून तिच्यावर एक मोठं कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर छोटं निघालं. खालून निळी बाही दिसतच राहिली. रुख्माबाई रोज संध्याकाळी मुलीशी स्पीकरवर बोलायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी सरांना बैठकीत चप्पल शोधायची असायची.

डिसेंबरच्या शेवटी बातमी आली. जानेवारीत दिल्लीला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. त्याआधी हालंडचा संघ हवेची सवय व्हावी म्हणून आठवडाभर नागपूरला उतरणार होता, आणि वर्षालीने आपल्या कोचबाईंना पटवलं होतं की एक सराव सामना आंजीला खेळायचा. सगळ्यांना वाटलं पोरगी सामना खेळायला येतेय. खरं तर ती बापाच्या तोंडचा एक शब्द न्यायला येत होती. तिने मला फोनवर तसं उघडच सांगितलं, “मॅडम, दिल्लीत मी खेळन. पन बाबा बोलले नाई तं माह्ये पाय चालतीन का नाई, सांगता येत नाई.”

क्रीडा मंडळाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. अध्यक्ष अण्णाजी. वय झालेलं, टोपी कडक, आणि पाहुणचाराच्या बाबतीत सगळ्या पंचक्रोशीला भारी. त्यांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला.

“पोरगी ज्या घरी देली ते घर सासर. पोरगी हालंडले देली, म्हंजे हालंड झालं आपलं व्याही. व्याही पहिल्यांदा दारी येऊन राह्यले. काही कमी पडाले नोको.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे सर उसळले.

“मी कन्यादान आदेशले केलं. हालंडले नाई केलं! मी देलीच नाई तं व्याही कायचे?”

“मंग ते पंधरा जनी कोन वो?”

“समोरची टीम. येतीन, खेळतीन, जातीन. माह्या पोरी पुऱ्या ताकदीनं खेळतीन.”

“खेळा नं,” अण्णाजी गोड आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज गोड झाला की समजावं, त्यांनी मनात काही ठरवलं आहे. त्या संध्याकाळी ते एकेका खेळाडूच्या घरी चहा प्यायला गेले. सरांना पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

घरीही तोच वाद सुरू होता. रुख्माबाईंनी नारळ, गहू आणि खण आणून ताट तयार ठेवलं होतं. लेक येणार, मैदानावरूनच परत जाणार, तर निघताना ओटी भरायची. सर म्हणाले, “ओटी भरायची नाई. ओटी भरली का देल्यासारखं होते.”  रुख्माबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी सरांच्या वरणात मीठच घातलं नाही.

बस आली ती सकाळी नऊच्या सुमाराला. संक्रांत नुकतीच झाली होती, थंडी गोड होती. एकेक मुलगी उतरायला लागली. अंगात भगभगीत नारंगी जर्सी. बायकांत एकदम कुजबुज झाली, “बाप्पा, हा तं आपल्या संत्र्याचा रंग हाय!” आणि तिथेच निम्मं गाव हालंडचं झालं.

मग पाहुणचार सुरू झाला. प्रत्येकीच्या पायावर तांब्यातलं कोमट पाणी, कपाळाला कुंकू, हातात तिळाचा लाडू. त्यांच्यातली सगळ्यात उंच सान्ने नावाची मुलगी. तिला कुंकू लावायला गावातल्या विमलाबाईंना शाळेच्या पायरीवर चढावं लागलं. बिचाऱ्या मुलींना वाटलं असावं की खो-खोच्या आधी हे सगळं असतंच. कोचबाई तर मन लावून लिहून घेत होत्या.

वर्षाली सर्वांत शेवटी उतरली. पाठीवर सात नंबर, केसांना पूर्वीसारखीच लाल रिबिन. ती थेट सरांकडे गेली, वाकली आणि तिळाचा लाडू पुढे केला. संक्रांतीचा लाडू नाकारता येत नाही, आणि घेतला की गोड बोलावं लागतं. सरांनी लाडू घेतला आणि अख्खा तोंडात कोंबला. तोंडात लाडू असला की माणसाला बोलता येत नाही. ते बराच वेळ चावत राहिले. एवढा वेळ तिळाचा लाडू चावणारा माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. वर्षाली वाट बघत उभी राहिली आणि मग हळूच बाजूला झाली.

सामना अकराला होता. दहाला अण्णाजींनी पंगत बसवली. मी म्हटलं, “अण्णाजी, आधी खेळू द्या, मग जेवण.” ते म्हणाले, “मॅडम, व्याह्याले उपाशी पळवता का?” पुरणपोळी, त्यावर तुपाची धार, पुडाची वडी, भजी, कढी. आणि आग्रह आपल्याकडचा, म्हणजे पानावर हात आडवा धरला तर हातावरच पोळी. वर्षाली डच भाषेत काहीतरी जोरजोरात सांगत रांगेतून फिरत होती, बहुधा ‘खाऊ नका’ असंच सांगत असावी, पण सान्ने तोवर चौथ्या पोळीवर होती आणि डोळे मिटून खात होती.

शिट्टी झाली. पहिल्या डावात आंजीच्या मुली पाठलागाला, पाहुण्या पळायला. आमची हुकमी खेळाडू अंकिता. अकरावीतली, काटक, ती सूर मारते तेव्हा जमिनीची ढेकळं फुटतात. ती सान्नेच्या मागे लागली. सान्ने पळत नव्हती, ती जड पिशवी उचलून चालल्यासारखी चालत होती. अंकिता हातभर अंतरावर आली, थांबली, आणि मागे वळून भलत्याच मुलीला म्हणाली, “खो.” त्या मुलीनेही तेच केलं. तिच्यानंतरचीनेही. खो-खो इतक्या शांतपणे, इतक्या अदबीने खेळता येतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी सान्ने दमून मैदानाच्या मधोमध बसली. आमची पाठलाग करणारी तिच्याजवळ उभी राहिली, हात लावला नाही, आणि विचारलं, “पानी देऊ?”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. गुण लिहायचा तर कशाचा?

पाळी बदलली. आता आमच्या मुली पळायच्या होत्या. त्या पळाल्या त्या सरळ पाहुण्यांच्या हातात. एकीला सान्नेने बाद केलं तर ती तिला ‘थँक यू’ म्हणाली. आर्वीहून आणलेले पंच माझ्याकडे बघायला लागले. प्रेक्षकांत मात्र आनंद. अण्णाजी प्रत्येक गडी बाद झाला की टाळ्या वाजवत होते. सरांचा चेहरा लाल झाला होता. “अंकिता! जेवली नाई का तू? पाय गेले का तुह्ये?” ते ओरडत होते, आणि अंकिता जमिनीकडे बघत होती.

डाव संपायच्या आतच वर्षाली मैदानाच्या मध्ये आली आणि दोन्ही हात वर केले.

“थांबवा हे!” ती आमच्या मुलींवर ओरडली. आवाज बापाचाच, फक्त जरा बारीक. “काऊन खेळून नाई राह्यल्या तुमी?”

आमच्या मुली पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागल्या.

“वर्षभर मी या सगळ्याइले सांगून राह्यली का आमच्या आंजीच्या पोरी म्हंजे वीज. आंजीत एकदा खेळा, मंग दिल्ली सोपी जाईन. म्हनून इतक्या दुरून आनलं यायले. अन् तुमी पानी विचारता? हे परत जाऊन काय सांगतीन, आंजीत असा खो-खो खेळतेत म्हनून?”

 ‘आमच्या आंजीच्या’ असं ती म्हणाली. नारंगी जर्सी घालून म्हणाली. सर स्टुलावरून उठले. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. ते तिच्याकडे बघत होते, आणि आठ महिन्यांत प्रथमच तिच्यावर रागावलेले नव्हते.

त्यांनी अंकिताला बोलावलं. “कोन म्हनलं बाद करू नका?”

“आजीनं सांगतलं सर,” अंकिता रडवेली झाली. “व्याह्याले हरवलं तं वर्षालीताईले सासरी बोल लागते म्हने. अण्णाजी घरी आलते.”

सगळं मैदान एकदम दुसरीकडे बघायला लागलं. कोणी झाडाकडे, कोणी आभाळाकडे. अण्णाजींनी टोपी नीट केली, जी आधीच नीट होती.

“अण्णाजी!” बसथांब्यावरची माणसं त्या दिवशीही उठली असणार. “व्याही पंगतीत! मैदानात जो समोर येईन तो गडी!”

“पन वासुदेव, ते व्याही नाईच म्हनून तूच तं सांगून राह्यला होता?”

“मंग तं आनखीनच काऊन सोडाचं?”

 मी पहिल्या डावाच्या गुणांवर ताबडतोब मोठी काट मारली.

आता पंचाईत अशी की पाहुण्यांना सूचना द्यायची होती आणि सरांचं मुलीशी बोलणं बंद. वर्षाली चार पावलांवर उभी. सर अंकिताकडे तोंड करून म्हणाले, “अंकिता, पाहुन्याइले सांग, अर्धा तास आराम करा. पानी कमी प्या. आडवं होऊ नोका, चालत राहा.”

अंकिता वर्षालीकडे वळली आणि शब्दन् शब्द पुन्हा म्हणाली.

“सरले सांग, बरं,” वर्षाली म्हणाली.

“सर, बरं म्हने.”

“आयकू आलं मले,” सर म्हणाले आणि रागाने स्टूल उचलून दुसरीकडे ठेवलं.

त्या अर्ध्या तासात त्यांनी मुलींना कडुलिंबाखाली घेतलं. मीही गेले. त्यांनी काडीने मातीत मैदान काढलं आणि हालंडच्या एकेका मुलीची खोड सांगितली. एवढ्या गमतीच्या डावातही त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. सान्ने उजवीकडेच वळते. दोन वेण्यावाली सूर मारला की घाबरते. मग काडी थांबली.

“अन् सात नंबर,” ते म्हणाले. नाव घेतलं नाही. “सात नंबर खांबापाशी थांबते. मागं वळून पाह्यते. लहानपनापासूनची सवय हाय, जाऊन नाई राह्यली. अंकिता, तिले तिथंच गाठजो.”

त्यांनी काडी टाकून दिली आणि उगाचच हात झटकत राहिले. स्वतःच्या मुलीची चूक तिच्याच प्रतिस्पर्ध्यांना सांगताना माणसाला काय वाटतं ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं, आणि मला त्यांची कीव आली.

दुसरा डाव मात्र खो-खोचा झाला. धूळ उडाली, गुडघे फुटले, पोरींच्या ‘खो’ने कान दणाणले. पाहुण्या आधी पाठलागाला आल्या. त्यांची लांब पायांची पळ बघून आमचे लोक थक्क झाले. सान्नेने पुरण जिरवून लागोपाठ तिघींना टिपलं. वर्षालीने खांबावरून मारलेला सूर बघून पंच शिट्टी वाजवायलाच विसरले. मग आमची पाळी. अंकिता आता कोणाची विहीण नव्हती. गडी पटापट बाद व्हायला लागले आणि मी भराभर लिहायला लागले. कोणासाठी ओरडावं ते प्रेक्षकांनाच कळेना. अर्धे आंजीसाठी ओरडत होते, अर्धे संत्र्यासाठी, आणि विमलाबाई जी पळेल तिच्यासाठी.

शेवटच्या तुकडीत वर्षाली आली. तिच्या सोबतच्या दोघी लगेच बाद झाल्या. ती एकटी उरली. एकटी, आणि समोर आमच्या नऊ जणी. ती पळायला लागली तेव्हा मैदान हळूहळू गप्प झालं. बसलेल्या मुलींमधून नागमोडी साखळी धरून ती अशी निघायची की हात लागला लागला म्हणेपर्यंत पलीकडे. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. सर स्टुलावरून केव्हाच उठले होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आणि अंकिताने डाव टाकला. तिने वर्षालीला खांबाकडे ढकलत नेलं, अगदी काडीने मातीत काढलं होतं तसं. वर्षाली खांबाशी आली. थांबली. मागे वळून बघितलं. अंकिता सूर मारायला वाकली.

“वर्षे, खांब सोड!”

तो आवाज कुठून आला हे वळून बघायची कोणालाच गरज नव्हती. वर्षालीने विचार केला नाही, तिच्या पायांनी ऐकलं. ती खांब सोडून आडवी निसटली आणि अंकिता हात पसरून धुळीत पडली.

 मग अंकिता धुळीत बसूनच ओरडली, “सर! तुमीच तं सांगतलं नं, खांबापाशी गाठजो म्हनून! तुमी कोनाच्या टीमचे हा?”

असा हशा आंजीत पुन्हा होणार नाही. अण्णाजींची टोपी पडली. पंच गुडघ्यांवर हात ठेवून हसत होते. सर मात्र चोरी पकडल्यासारखे उभे, हात तसाच पुढे केलेला, तोंड उघडं. आणि वर्षाली मैदानाच्या मध्ये थांबून त्यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि आपल्यामागे खेळ सुरू आहे हे ती साफ विसरली होती. अंकिता उठली, कपडे न झटकता चालत गेली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

“बाद,” पंच कसेबसे म्हणाले.

“गधडे!” सर गरजले. “खेळ चालू असताना कोनी उभं राह्यते का?”

“नाई सर!” वर्षाली ओरडली. इतक्या आनंदाने शिवी घेताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

आंजी तीन गुणांनी जिंकली. अण्णाजी काळजीने सान्नेकडे गेले, व्याह्यांना राग तर आला नाही ना ते बघायला. सान्ने घामाने निथळत होती. तिने त्यांना कडकडून मिठी मारली आणि वर्षालीमार्फत दोन गोष्टी विचारल्या, पुन्हा केव्हा खेळायचं, आणि ती गोड पोळी उरली आहे का.

बस निघायची वेळ झाली. वर्षालीने आईला मिठी मारली. रुख्माबाई रिकाम्या हातांनी आल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मी सरांना शोधत होते, ते कुठेच दिसेनात. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तेवढ्यात घराकडून सर येताना दिसले, लगबगीने, दोन्ही हातांत झाकलेलं ताट धरून, गहू सांडत.

“भर वं ओटी,” ते रुख्माबाईंना म्हणाले. “लेकराले रिकामं धाडतेत का?”

“देल्यासारखं होते म्हनत होते नं तुमी?”

“होऊ दे. देली म्हनून माही राह्यत नाई का?”

पदर नव्हता, ओढणी नव्हती. वर्षालीने नारंगी जर्सीचाच घेर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि रुख्माबाईंनी त्यात नारळ, गहू आणि खण घातला. बसच्या खिडक्यांतून चौदा मुली बघत होत्या. मग रुख्माबाईंना राहवेना, त्यांनी एकेकीला खाली बोलवून मूठमूठ गहू दिला. कोचबाईंनी हेही लिहून घेतलं.

वर्षाली बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि मग जे कोणी विचारत नव्हतं ते तिनेच विचारलं.

“बाबा, दिल्लीत भारतासंगं मॅच आली तं?”

गाव खिडकीशी सरकलं. सगळ्यांनाच हे ऐकायचं होतं. सर खिडकीखाली उभे राहिले, मान वर करून.  या वेळी तोंडात लाडू नव्हता.

“मी येतो दिल्लीले,” ते म्हणाले. “मॅडमले घेऊन येतो. भारतानं गडी मारला का मी टाळ्या वाजवन. ते सुटाचं नाई मले.”

“हो,” ती म्हणाली.

“पन तू खांबापाशी थांबली तं मी ओरडन. मले रोकून धरता येत नाई, पाह्यलं नं तू? आवाज आला का खांब सोडजो.”

बस हलली. वर्षालीने ओटी घट्ट धरली आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

“हो सर,” ती म्हणाली, चुन्याची रेघ केव्हाच मागे राहिली होती तरी.